भूमिका सोडली की नापास

माझा पाय हलतो. उभी असले तर ठीक, पण बसले रे बसले की उजवा पाय आपला सुरू. वर्गातल्यांनी माझं नावच 'मशीन' पाडलंय, शिलाई मशीनवरून. दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाय हलला तर कुणाचं काही अडत नाही. पण मी शिकत होते थेरपिस्ट व्हायला. समोरचा माणूस आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगतोय आणि थेरपिस्टची खुर्ची कुरकुर कुरकुर करतेय, हे कसं चालेल?

तरी मागच्या वर्षी मी प्रात्यक्षिकात नापास झाले ती पायामुळे नाही, तोंडामुळे. या कोर्सला यायच्या आधी मी घरगुती उपकरणांच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचे. तिथे पलीकडचं माणूस गप्प झालं की लाइन कट झाली असं समजायचं आणि आपण बोलायला लागायचं. ती सवय हाडात शिरली. परीक्षेत क्लायंट झालेल्या नटीने सांगितलं की नवरा घर सोडून गेला, आणि ती गप्प बसली. तिने गप्प बसायचं आणि मी ते सोसायचं, हीच तर परीक्षा होती. मी काय केलं? तिला दाराचं कुलूप बदलून घ्यायला सांगितलं. वर म्हटलं, माझ्या ओळखीत कुलूपवाला आहे.

प्रात्यक्षिकाला दोनच संधी मिळतात. दुसऱ्यांदा नापास झालं की कोर्समधून नाव कमी. चांगली चाललेली नोकरी सोडून मी इथे आले होते, कारण त्या नोकरीत एक आजोबा रोज फ्रिजची तक्रार करायला फोन करायचे आणि त्यांचा फ्रिज अगदी ठणठणीत होता. त्यांच्याशी नीट बोलायला शिकावं, एवढंच डोक्यात घेतलं होतं. आता ही संधीही गेली असती तर ना ती नोकरी, ना हे.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात विभागात बैठक झाली. विषय होता 'प्रशिक्षणातला ताण आणि आधार'. खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. आमच्याकडे काहीही असलं तरी खुर्च्या गोलातच मांडतात. पण त्या गोलातही शिक्षक एका अंगाला आणि आम्ही दुसऱ्या अंगाला, मधे दोन्हीकडे एकेक खुर्ची रिकामी.

शिक्षकांचं म्हणणं असं की आधार भरपूर आहे, विद्यार्थीच तो घेत नाहीत. बोलत होत्या आमच्या विभागप्रमुख मॅडम. केस पांढरे, चप्पल सपाट, आवाज असा की रडणारं पोर झोपावं. त्यांना आम्ही पाठीमागे 'हं मॅडम' म्हणायचो, कारण कशावरही त्यांचं पहिलं उत्तर 'हं' असायचं.

"माझं दार नेहमी उघडं असतं," मॅडम म्हणाल्या.

"तेच तर," मी म्हटलं. "दार उघडं असतं म्हणून बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना सगळं ऐकू जातं."

आमची बाजू हसली. शिक्षकांची नाही. मग टॉपर बोलायला लागला. हा मुलगा प्रत्येक पेपरात पहिला, आणि कधी कुणाविरुद्ध ब्र काढला नसेल.

"मला कितीतरी दिवस झोप नाही," तो खाली बघत म्हणाला. "मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? ज्यांना सांगायचं त्याच निकालावर सही करणार. 'हा अजून क्लायंटसमोर बसण्याच्या स्थितीत नाही' असा शेरा पडला की झालं मग."

त्याने तोंड उघडलं आणि सगळ्यांचीच उघडली. जो तो तेच सांगत होता. आधारासाठी मॅडमच्या खोलीत जायचं आणि 'सगळं छान चाललंय' म्हणून परत यायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं. मीही माझं सांगितलं. मागच्या वर्षी नापास झाल्यावर मी मॅडमकडे गेले होते आणि म्हटलं होतं, मॅडम, मी संपले. त्यांनी विचारलं होतं, "'संपले' म्हणजे तुला नेमकं काय होतंय?" मला काय होतंय ते मला कळत असतं तर मी कशाला गेले असते त्यांच्याकडे? नुसतं 'अगं, बस, पाणी पी' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हं. पण इथे बोललेल्याचं आजवर कुणाचंही वाईट झालेलं नाही. आणि समजा मी कुणाला थांबवलं, तर ते कुणासाठी? उद्या तुमच्यासमोर जो येऊन बसेल तो स्वतःचं सगळं उघडं करून बसेल. तुमची काळजी मी करायची. त्याची कुणी करायची?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच माझं डोकं फिरलं. "मग मार्क एकाने द्यावेत आणि आधार दुसऱ्याने."

"दुसरा आहे कुठे? आम्ही मोजून चार माणसं."

"आणि तुम्हा चौघांना कोण आधार देतं?" मी विचारलं. टोमणाच होता तो. मला उत्तर नको होतं.

"हं," मॅडम म्हणाल्या, आणि बैठक संपली.

घरी मी वहिनीवर सराव करायचे. वहिनी भाजी निवडत क्लायंट व्हायची. "विचार काय ते," म्हणायची. "मी दुःखी आहे. माझा नवरा माझं काही ऐकत नाही."

आतल्या खोलीतून दादा ओरडायचा, "काय म्हणालीस?"

ती हसायची, मी हसायचे, सराव गेला उडत. पुन्हा सुरू केलं की ती मुद्दाम मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प बसायची. भिंती अंगावर यायच्या. मग मी काहीतरी बोलून मोकळी व्हायचे. आई म्हणायची, "ऐकायला शिकायला कॉलेजात जातेस? आम्हाला सासूने फुकटात शिकवलं." वहिनी आईकडे बघायची आणि काही बोलायची नाही. तिला ते जमतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून मी घरभर फिरत होते. बसवतच नव्हतं. कॉलेजात पोचले तर कॉरिडॉरमध्ये वेगळाच गोंधळ. क्लायंटचं काम करणारी नटी आजारी पडली होती. दुसरी मिळत नव्हती. बाहेरून आलेले परीक्षक सर सारखं घड्याळ बघत होते. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, दर वाक्याला 'नियमाप्रमाणे' म्हणणारा माणूस.

"मी बसते क्लायंट म्हणून," मॅडम म्हणाल्या. "नियमात कुठे नाही म्हटलंय?"

म्हणजे ज्यांनी मला पास करायचं त्याच समोर रडायला बसणार, आणि मी त्यांना धीर द्यायचा. टॉपरने माझ्या पाठीवर थाप मारली. "मशीन, आज गप्प बसलीस की जिंकलीस."

आमची प्रात्यक्षिकाची खोली लहान आहे. दोन खुर्च्या, मधे टेबल, त्यावर टिश्यूचा डबा. घड्याळ क्लायंटच्या पाठीमागे, म्हणजे ते फक्त थेरपिस्टला दिसावं. एका भिंतीला मोठा आरसा. आतून तो आरसा आणि पलीकडून खिडकी. पलीकडे अंधारात अख्खा वर्ग बसतो आणि स्पीकरवर सगळं ऐकतो. परीक्षक खोलीतच, कोपऱ्यात. त्यांच्या हातात क्लायंटचं कार्ड असतं. क्लायंट कोण, तिला काय झालंय, ते त्यावर लिहिलेलं. ते थेरपिस्टला दाखवत नाहीत. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. समोर काहीही होवो, थेरपिस्टने भूमिका सोडायची नाही. 'हे खोटं आहे' किंवा 'थांबू या' असं तोंडातून निघालं की तिथल्या तिथे नापास.

मॅडम आत आल्या त्या वेगळ्याच बाई होऊन. खांदे पाडलेले, आवाज चिरका. "माझं कापडाचं दुकान आहे," म्हणाल्या. "मोठ्या बहिणीबरोबर भागीदारी आहे. पण ताईचं आणि माझं आता पटत नाही. डोक्याला नुसता ताप झालाय." बोलता बोलता त्यांनी दोन बोटांनी टिश्यू ओढला आणि डोळ्यांच्या कडा टिपल्या. काय सुंदर टिपल्या. अभिनय म्हणजे अभिनय.

मी उजवा पाय डाव्या पायाखाली दाबून धरला होता. विचारत होते, ऐकत होते, मान हलवत होते. बरं चाललं होतं. कोपऱ्यात सरांचं पेन चालत होतं. मग मी एक साधा प्रश्न विचारला, पुस्तकातलाच.

"ताईशी तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

मॅडमनी तोंड उघडलं आणि बंद केलं.

आणि खोलीत ती शांतता पसरली. मला ओळखीची होती. मागच्या वर्षी हिनेच मला खाल्लं होतं. जिभेवर दहा वाक्यं आली. 'सावकाश सांगा.' 'पाणी हवंय का?' 'दुकानाची वाटणी करून टाका.' मी दातांवर दात दाबले. पाय डाव्या पायाखाली धडपडत होता. काखेत घाम आला. मी बोलले नाही. नाही म्हणजे नाही बोलले.

"ती बोलतच नव्हती," मॅडम म्हणाल्या. चिरका आवाज गेला होता. "शेवटी शेवटी नुसती बघायची."

कोपऱ्यात सरांनी कार्ड उलटून पाहिलं. मग सुलटून. मग चष्मा वर करून.

"शनिवारी गेली. सोमवारी मी कामावर होते. सगळ्यांना वाटलं, बाई रविवारच्या सुट्टीने ताज्यातवान्या होऊन आल्या. त्या शनिवारी भावोजी भिंतीला टेकून उभे होते, आणि मी त्यांना काय विचारलं असेन? विचारलं, 'या क्षणी तुमच्या मनात काय येतंय?'" त्या हसल्यासारखं काहीतरी झालं. "भाची हमसून रडायला लागली. मी तिच्यापुढे टिश्यू धरला. थोडी लांब सरकून बसले, तिला रडायला जागा द्यायची म्हणून. ती म्हणाली, 'मावशी, माझ्याशी असं नको ना वागूस. जवळ घे.' आणि माझा हात उचलेना. माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. मला आता दुसरं काही येतच नाही."

कापड दुकानवाली बाई रडणाऱ्याला जागा देत नाही. ती पोरीला छातीशी धरते. आणि या वेळी मॅडमनी टिश्यू घेतला नव्हता. नाक वाहत होतं आणि त्या ते बाहीला पुसत होत्या. मला तो सोमवार आठवला. मागच्याच महिन्यातला. मॅडम ताज्यातवान्या दिसतात, असं आम्हीच म्हणालो होतो. मॅडमनी त्या दिवशी आम्हाला शोकावर शिकवलं होतं, आणि मी मागच्या बाकावर जांभया देत होते.

घड्याळात वेळ उरला होता. मी पास होत होते. हे इतकं स्पष्ट होतं की मला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प राहिले होते, क्लायंट मोकळी झाली होती, सरांचं पेन भराभर पळत होतं. आता फक्त हळू आवाजात विचारायचं होतं, 'भाचीबद्दल अजून सांगाल?' आणि मॅडमनी सांगितलं असतं. त्या थांबण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. आरशापलीकडे चाळीस जण ऐकत होते आणि मनात म्हणत असणार, काय काम करतात बाई! मी विचारत गेले असते आणि त्या उकलत गेल्या असत्या, माझ्या मार्कांसाठी. मला सरांचा राग आला, आरशाचा आला, आणि त्या प्रश्नाचा सगळ्यात जास्त, कारण तो माझ्या जिभेवर तयार होता.

"मॅडम, आपण थांबू या," मी म्हटलं.

"भूमिका," कोपऱ्यातून सर म्हणाले.

"हो सर. सोडली."

मी उठले, भिंतीवरचं बटण दाबून माईक बंद केला आणि आरशावरचा पडदा ओढला. सरांना म्हटलं, दोन मिनिटं बाहेर थांबता का? ते नियमाप्रमाणे काहीतरी पुटपुटत गेले. पुढे काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी माझी खुर्ची ओढून मॅडमच्या शेजारी नेली आणि बसले. पाय हलायला लागला. हलू दिला.

मॅडम म्हणाल्या, "तू नापास होशील."

"हो."

"कळत होतं तुला?"

"कळत होतं. पाणी आणू का?"

त्यांनी मान हलवली. मी पाणी आणलं, त्या प्यायल्या, आणि बाहेर दारावर टकटक झाली.

निकाल सांगायला सगळे मोठ्या खोलीत जमले. मॅडम आत आल्या तसा वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. "मॅडम, तुम्ही चुकून इकडे आलात, नाटकातच जायला हवं होतं," टॉपर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. चाळीस माणसं, सगळी ऐकण्याचं शिक्षण घेतलेली. मॅडम माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, डोळे तेवढे लाल, आणि टाळ्या थांबायची वाट बघत राहिल्या.

सर उभे राहिले. "क्लायंटने कार्डाबाहेर जाऊन परीक्षा अवघड केली, ते उत्तमच केलं. विद्यार्थिनीने सुरुवात चांगली केली. पण क्लायंट मोकळी व्हायला लागली आणि ही घाबरून पळाली. नियमाप्रमाणे अनुत्तीर्ण." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काही कारण होतं?"

कारण माझ्या शेजारी बसलं होतं. एका वाक्यात सुटले असते मी. पण त्या खोलीत बोललेलं त्या खोलीबाहेर न्यायचं नाही, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो, आणि ते नाटक नव्हतं हे सांगायचा हक्क मॅडमचाच होता.

"सांगता येणार नाही, सर," मी म्हटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. घरी काय सांगायचं, आईच्या समोर कसं उभं राहायचं, सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी रडले. सगळ्यांसमोर रडले.

मॅडमनी हात पुढे केला. "निकालपत्र द्या."

सरांनी दिलं. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि सावकाश लिहिलं. खाली सही केली. मग कागद सरांपुढे सरकवला.

सरांनी वाचलं. "उत्तीर्ण? मॅडम, हिने भूमिका सोडली आहे."

"शेवटचा निर्णय विभागप्रमुखाचा असतो. नियम आहे."

"आहे, पण…"

"मग तुमची सही इथे. पाहिलंत एवढ्यापुरती."

सरांना नियमापुढे बोलता येत नाही. त्यांनी केली. मॅडमनी पर्समधून शिक्का काढला, मारला, शाई वाळायला कागदावर फुंकर घातली आणि तो पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. मग पेनाला टोपण लावलं.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "माझी मोठी बहीण मागच्या महिन्यात वारली. आत जे झालं ते नाटक नव्हतं. मी तिच्यासाठी एक दिवसही रजा घेतलेली नाही, मी नीट झोपलेली नाही, आणि समोर माणूस रडायला लागला की आजकाल मला काहीच होत नाही. हिच्या ते लक्षात आलं, म्हणून हिने थांबवलं."

टॉपरने तोंडावर हात ठेवला. सरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते, फार हळू आवाजात बोलले.

"मॅडम, फार वाईट झालं. पण या अवस्थेत तुम्ही मूल्यमापन करणं… मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"ते सांगतील तोवर तुमची सही…"

"चालणार नाही. माहीत आहे मला. विभाग तोवर दुसरं कुणी बघेल."

मी त्या पाकिटाकडे बघत राहिले. आधी सही, मग शिक्का, मग पाकीट चिकटवणं, आणि सगळं झाल्यावर बोलणं. हाच क्रम उलटा झाला असता तर त्या सहीला काडीची किंमत राहिली नसती. त्यांनी हिशेबाने केलं होतं. बैठकीत आम्ही घसा फोडून सांगत होतो की बोलणाऱ्याचंच नुकसान होतं, आणि त्या सांगत होत्या की दार उघडं आहे. शेजारी बसून मी त्यांचा हात धरला. हात गार होता.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं," मी म्हटलं. "आम्ही म्हणत होतो ते खरं होतं. आणि तुम्ही आम्हाला म्हणालात, बोललेल्याचं कुणाचं वाईट होत नाही."

"मी शिक्षिका आहे," मॅडम म्हणाल्या. "दुसरं काय सांगणार होते तुम्हाला?"

मला त्यांचा इतका राग आला की मी हात सोडलाच नाही.